पॅनेलमधली चांदी काळी पडतेय – गंधकाच्या हवेत कार्डं का मरतात?

पॅनेल_दुरुस्ती

नमस्कार मंडळी. गेलं दीड वर्ष एकाच प्रश्नाने डोकं पोखरलंय, म्हणून शेवटी धागा काढतोय.

मी सांडपाणी प्रक्रिया केंद्रात इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. कंट्रोल रूममधल्या एका पॅनेलमध्ये पीएलसीचं (यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाचं) अॅनालॉग इनपुट कार्ड, म्हणजे सेन्सरचे सिग्नल वाचणारं कार्ड, तिसऱ्यांदा गेलं. पद्धत दर वेळी तीच. आधी रीडिंग हळूहळू सरकतं, मग मधूनच उडतं, आणि एक दिवस चॅनल कायमचा मरतो. कार्ड बनवणाऱ्यांचा माणूस येऊन 'व्होल्टेजचे झटके बसताहेत' म्हणून गेला. सर्ज प्रोटेक्शन बसवलं. नवीन कार्ड तरीही चौदा महिन्यांत गेलं.

या वेळी मेलेलं कार्ड फेकलं नाही, भिंगाखाली धरलं. जळल्याची खूण कुठेच नाही. पण बारक्या चिप रेझिस्टरच्या कडांना, जिथे काळं आवरण संपून चकचकीत टोपी सुरू होते तिथे, काजळीसारखी रेघ आहे. असे चार रेझिस्टर मल्टिमीटरवर ओपन (आतून तुटलेले) दाखवतात. त्याच पॅनेलमधली तांब्याची अर्थिंग पट्टी काळी पडलीय. एक रिले (सिग्नलवर चालणारा स्विच) तर टिचकी मारली की चालतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा हटून बसतो.

खोलीला एसी आहे, पॅनेलची दारं घट्ट लागतात, आत धूळ नाही, वासही येत नाही. तरी हे का होतं? कार्डात चांदी असते का मुळात?

रसायनी

तुमचं वर्णन वाचून ऐंशी टक्के निदान झालंच. थोडं मुळापासून सांगते, कारण मूळ कळलं की पुढचे निर्णय सोपे जातात.

लोखंडाला गंजायला ऑक्सिजन आणि पाणी पुरतं. चांदीचं तसं नाही. साध्या स्वच्छ हवेत ती वर्षानुवर्षं पांढरी राहते. तिची ओढ गंधकाकडे, आणि तीही कुठल्याही गंधकाकडे नाही. हायड्रोजन सल्फाइड, कार्बोनिल सल्फाइड, मर्कॅप्टन (उग्र वासाची गंधकाची सेंद्रिय संयुगं), गंधकाची वाफ अशा 'क्षपित', म्हणजे ऑक्सिजनशी न बांधलेल्या, रूपातल्या गंधकाकडे. चांदीचे चार अणू, हायड्रोजन सल्फाइडचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू एकत्र आले की सिल्व्हर सल्फाइडचे दोन रेणू आणि पाण्याचे दोन रेणू तयार होतात. म्हणजे ऑक्सिजन लागतोच, पण मदतनीस म्हणून.

आता खरी मेख. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढला की तो आतल्या धातूचं रक्षण करतो आणि गंज तिथेच थांबतो. सिल्व्हर सल्फाइड असं रक्षण करत नाही. त्या थरातून चांदीचे आयन आरपार सरकू शकतात. आतली चांदी थरातून वर येते, पृष्ठभागावर गंधकाला भेटते, आणि थर जाड होत राहतो. गंधक मिळतंय आणि चांदी शिल्लक आहे तोवर हे चालूच. काही ठिकाणी तर सल्फाइड सपाट न पसरता केसासारखे तंतू होऊन उभं वाढतं.

म्हणून चांदी 'काळी पडते' हा शब्द मला अपुरा वाटतो. दागिन्यावर तो डाग असतो, पुसला की गेला. तुमच्या कार्डात मात्र चांदी अक्षरशः खाल्ली जातेय.

नवशिका_४२

रसायनीताई, एक शंका. कारखान्याच्या धुरात सल्फर डायऑक्साइड तर भरपूर असतो. मग तो चांदीला काही करत नाही का?

रसायनी

चांगला प्रश्न. सल्फर डायऑक्साइडमधलं गंधक आधीच ऑक्सिजनने बांधलेलं असतं. तो दमट हवेत लोखंड, जस्त, दगड यांची वाट लावतो, पण चांदीवर त्याचा एकट्याचा परिणाम फार थोडा. उलट नायट्रोजन डायऑक्साइड स्वतः चांदीवर सल्फाइड बनवत नसूनही हायड्रोजन सल्फाइडबरोबर असला की काळं पडण्याचा वेग वाढवतो. त्यामुळे एकेक वायू सुटा मोजून चित्र पूर्ण होत नाही.

भिंगातून

माझं कामच निकामी कार्डं कापून बघायचं. कार्डात चांदी कुठे असते ते सांगतो.

चिप रेझिस्टर वरून बघितला तर टोकांना कथिल दिसतं, त्याखाली निकेल. पण निकेलच्याही खाली, सिरॅमिकच्या तुकड्यावर छापलेला आतला इलेक्ट्रोड असतो, आणि तो बहुतेक साध्या रेझिस्टरमध्ये चांदीचा किंवा थोडं पॅलेडियम मिसळलेल्या चांदीचा असतो. वरचं काचेचं किंवा रेझिनचं आवरण आणि निकेलची टोपी जिथे भेटतात तो सांधा पूर्ण बंद नसतो. वायू तिथून आत शिरतो. तुम्ही भिंगाखाली बघितलेली काजळीची रेघ म्हणजे नेमका हाच सांधा.

पुढचं सगळं तिथून सुरू होतं. सिल्व्हर सल्फाइड मूळ चांदीपेक्षा दीडपटीहून जास्त जागा घेतं. ते फुगलं की आवरण उचलतं, फट आणखी रुंदावते, आणखी वायू आत. चांदी कमी होत जाते तसा रेझिस्टन्स वाढतो, म्हणून तुमचं रीडिंग आधी सरकलं. मधे तापमान बदललं की उरलेला धागा कधी जोडतो कधी तुटतो, म्हणून उडलं. शेवटी चांदीचा पूल संपला की ओपन. व्होल्टेजच्या झटक्याने गेलेला रेझिस्टर असा पायरीपायरीने मरत नाही. तो एकदम जातो, आणि बहुधा जळल्याची खूण ठेवून जातो. इतकं स्पष्ट लक्षण समोर असताना तुम्हाला झटक्याचं कारण ऐकवलं गेलं याचं मला वाईट वाटतं.

दुसरी जागा म्हणजे खुद्द बोर्ड. १ जुलै २००६ पासून युरोपीय संघात शिशावर बंदी आली आणि बोर्डाच्या तांब्यावर शिसे-कथिलाऐवजी दुसरे मुलामे आले. त्यातला एक पातळ चांदीचा. सपाट, जोडायला उत्तम. पण जिथे तो मुलामा तांबं नीट झाकत नाही, विशेषतः हिरव्या मास्कच्या (बोर्डावरच्या संरक्षक थराच्या) कडेला, तिथे गंधकाच्या हवेत तांब्याचं सल्फाइड तयार होऊन बोर्डावर बुरशीसारखं रांगत पसरतं आणि शेजारच्या दोन रेषा जोडून टाकतं. त्याला क्रीप करोजन म्हणतात. मोटारींच्या डिझाइन स्टुडिओत गंधक असलेली मॉडेलिंगची माती वापरतात, तिथले संगणक याच आजाराने बंद पडल्याची उदाहरणं आहेत. कारखाना नाही, चिमणी नाही, एका खोलीतली माती पुरली.

विद्युतवाट

भिंगातून यांना पूर्ण अनुमोदन. माझा अनुभव मोठ्या करंटच्या बाजूचा.

कागद गिरणीत लगदा शिजवण्याच्या विभागाजवळ आमची स्विचगिअर रूम (मोठ्या ब्रेकरची खोली) होती. तिथल्या हवेत हायड्रोजन सल्फाइड आणि मर्कॅप्टन दोन्ही. ब्रेकरच्या चांदीचा मुलामा असलेल्या बोटांवर, जिथे जोड गरम राहायचा त्या बाजूला, बारीक काळे केस उगवलेले मी स्वतः पाहिलेत. पहिल्यांदा वाटलं ब्रशचे तंतू चिकटले असतील. शटडाऊन घेऊन बघितलं तर ते मुलाम्यातूनच वाढलेले. मुलामा खरवडल्यासारखा सुटत होता, खालचं तांबं उघडं पडलेलं.

यात दुहेरी धोका आहे. मुलामा सुटला की जोडाचा रेझिस्टन्स वाढतो, जोड तापतो, तापला की सल्फाइड आणखी वेगाने वाढतं. आणि हे केस वीजवाहक असतात. तुटून दोन फेजच्या मधे पडले तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून अशा जागी बसबार (वीज वाहणाऱ्या जाड पट्ट्या) आणि जोडांना चांदीऐवजी कथिलाचा मुलामा मागवा असं मी प्रत्येकाला सांगतो. चांदी वीज सगळ्यात चांगली वाहते हे खरं, पण ती शिल्लक राहिली तर ना.

रसायनीताई, सल्फाइड वीज वाहतं की अडवतं यावर आमच्यात नेहमी वाद व्हायचा. तुम्ही सांगा.

रसायनी

दोन्ही बाजू थोड्याथोड्या बरोबर. ते अर्धवाहक आहे, गरम झालं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. मायकेल फॅरडेने १८३३ मध्ये हे सिल्व्हर सल्फाइडवरच पाहिलं होतं. धातू तापला की रेझिस्टन्स वाढतो ही सवय असलेल्या काळात त्याला उलटं दिसलं. मला ही गोष्ट फार आवडते. आज आपल्याला छळणाऱ्या याच काळ्या थरातून अर्धवाहकांच्या अभ्यासाची एक सुरुवातीची नोंद मिळाली.

व्यवहारात सांगायचं तर रिलेच्या दोन टोकांमधे थर बसला आणि सिग्नल काही मिलिअँपिअरचाच असेल तर तो थर फोडायची ताकद त्या सिग्नलमध्ये नसते. मोठा करंट तोडणाऱ्या रिलेत ठिणगीने थर जळून निघतो. टिचकीने चालणारा रिले नक्की छोट्या सिग्नलवर असणार.

पॅनेल_दुरुस्ती

अगदी बरोबर, तो लेव्हल स्विचच्या सिग्नलचाच रिले आहे! पण मूळ प्रश्न राहतोच. आमच्या खोलीत वास येत नाही. वास नाही म्हणजे गॅस नाही, असंच आम्ही सगळे धरून चाललोय.

हवामापक

हाच गैरसमज मोडायचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आणि आधी जिवाची गोष्ट.

हायड्रोजन सल्फाइडचा वास नाकाला अगदी थोड्या प्रमाणात, काही पीपीबीलाच (अब्जात काही भाग), येऊ लागतो. पण सतत त्याच हवेत काम करणाऱ्याचं नाक सरावतं. आणि १०० पीपीएमच्या (दहा लाखांत १०० भाग) आसपास गेलं की घ्राणेंद्रिय बधिर होतं, वास येणंच बंद होतं. तुमच्या केंद्रात विहिरीत, चेंबरमध्ये उतरणाऱ्या कुणीही 'वास गेला, आता ठीक आहे' म्हणून पुढे जाऊ नये. मीटर लावूनच उतरायचं. पॅनेलचा विषय असला तरी हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

आता पॅनेल. यंत्रांसाठीची जी मोजपट्टी सर्वत्र वापरतात ती आयएसए ७१.०४, म्हणजे ऑटोमेशनवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मानक. तिच्यात सौम्य वर्ग जी१ म्हणजे हायड्रोजन सल्फाइड ३ पीपीबीपेक्षा कमी, जी२ म्हणजे १० पीपीबीपेक्षा कमी, जी३ म्हणजे ५० पीपीबीपेक्षा कमी, आणि त्यापुढे जीएक्स. तेही सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली आहे असं धरून. म्हणजे माणसाला 'काही विशेष नाही' वाटणाऱ्या हवेत कार्डाच्या दृष्टीने कठीण परिस्थिती असू शकते. चांदी महिनोन्‌महिने तिथेच बसून प्रत्येक रेणू साठवत असते. नाक असं साठवत नाही.

म्हणून नाकावर आणि एकदा फिरवलेल्या हँडमीटरवरही विसंबू नका, कूपन लावा. शुद्ध तांबं आणि शुद्ध चांदीच्या छोट्या पट्ट्या एका धारकावर पॅनेलच्या आत ३० दिवस टांगायच्या, मग प्रयोगशाळेत विद्युत-क्षपणाने, म्हणजे वीज देऊन थर परत धातूत बदलत, थराची जाडी मोजायची. जी१ साठी तांब्यावर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) कमी आणि चांदीवर २०० पेक्षा कमी. दोन्हींसाठी १००० पर्यंत जी२, २००० पर्यंत जी३. १९८५ च्या मूळ मानकात फक्त तांबं होतं, चांदी २०१३ च्या आवृत्तीत आली. आणि ती यायलाच हवी होती, कारण तांबं ठीक दिसतं आणि चांदी मात्र खाल्ली जाते अशा खोल्या असतात. डेटा सेंटरसाठी अॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या समितीनेही हेच ३०० आणि २०० चे आकडे धरले आहेत.

दोन सूचना. पट्टीला उघड्या बोटांनी हात लावू नका. आणि एक कूपन पॅनेलच्या आत, एक खोलीत, एक बाहेर असं लावा. आकडा एकटा फारसं बोलत नाही, तिन्हींमधला फरक सांगतो की गंधक कुठून येतंय.

नवशिका_४२

समुद्राजवळच्या कारखान्यात चांदी काळी पडली तर ते मिठामुळे की गंधकामुळे, हे कसं ओळखायचं?

हवामापक

त्याच चाचणीत कळतं. सिल्व्हर क्लोराइड आणि सिल्व्हर सल्फाइड वेगवेगळ्या विभवाला (व्होल्टेजला) क्षपित होतात, त्यामुळे आलेखात दोन वेगळ्या पायऱ्या दिसतात. रंगावरून मात्र ठरवू नका. पिवळा, तपकिरी, जांभळट, निळा, काळा हे रंग मुख्यतः थराच्या जाडीवरून येतात.

पॅनेल_दुरुस्ती

*(सात आठवड्यांनी)*

धागा वर काढतोय. तिन्ही कूपनचे निकाल आले. बाहेरची चांदी जी२, खोलीतली जी२, आणि पॅनेलच्या आतली जी३. बंद पॅनेलच्या आत बाहेरपेक्षा वाईट! आधी वाटलं नमुन्यांची अदलाबदल झाली. मग हवामापकांचं वाक्य आठवलं आणि पॅनेलच्या तळाशी टॉर्च घेऊन झोपलो.

केबलचा चर थेट कच्च्या सांडपाण्याच्या विहिरीकडून येतो. चरातून पॅनेलमध्ये शिरणाऱ्या चार पाइपांपैकी दोनच सील केलेले. उरलेले दोन नंतर वाढवलेल्या केबलसाठी फोडलेले, आणि त्यांची तोंडं तशीच उघडी. हात धरला तर हवेची हलकी झुळूक लागत होती. पॅनेलच्या माथ्यावरचा एक्झॉस्ट पंखा चरातली हवा वर ओढत होता. तो पंखा कार्डं थंड राहावीत म्हणून मीच बसवायला सांगितला होता. ते बघून पाय गळाले.

विद्युतवाट

मनाला लावून घेऊ नका. हा वायू हवेपेक्षा थोडा जड, तो चराच्या तळाने वाहत येतो आणि वर ओढ मिळाली की पॅनेल त्याची चिमणी होतं. पाइपची तोंडं आधी केबल-सीलिंगच्या मसाल्याने बंद करा. घरगुती सिलिकॉन नको.

भिंगातून

सिलिकॉनवरून आठवलं. पुष्कळ जण कार्डावर सिलिकॉनचं कॉन्फॉर्मल कोटिंग (पातळ संरक्षक थर) मारून निश्चिंत होतात. ओलाव्यासाठी ते चांगलं आहे, पण गंधकाचे वायू सिलिकॉनमधून सहज आरपार जातात, आणि त्यात साठूनही राहतात. अशा कोटिंगखाली रेझिस्टर ओपन झालेले मी पाहिलेत. नवीन कार्ड मागवताना रेझिस्टर गंधकरोधक जातीचे आहेत का, हे लेखी विचारा. त्यांच्यात आतल्या इलेक्ट्रोडमध्ये पॅलेडियम जास्त असतं किंवा सोनं असतं.

गाळणी

माझं क्षेत्र हवेचे फिल्टर. एसी हा गॅसचा फिल्टर नाही. स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो. किंबहुना एसीचं तांब्याचं कॉइल वारंवार गळत असेल तर खोलीत गंधक आहे असा संशय घ्यावा.

साधा सक्रिय कोळसा हायड्रोजन सल्फाइडला नीट धरत नाही, रेणू लहान पडतो. त्यासाठी पोटॅशियम परमँगनेट मुरवलेले अॅल्युमिनाचे दाणे किंवा अल्कली मुरवलेला कोळसा लागतो. परमँगनेटचे दाणे जांभळे असतात, संपले की तपकिरी होतात. पण वरवर बघून ठरवू नका, मधल्या थरातले दाणे काढून बघा. अशा फिल्टरमधून स्वच्छ केलेली थोडी ताजी हवा खोलीत सतत सोडून आतला दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त ठेवायचा. फट राहिली तरी हवा आतून बाहेर जावी, बाहेरून आत नको. दार उघडं टाकून चहा प्यायला गेलात तर दाब शून्य.

आणि हे सगळं गळती बंद केल्यावर. उघड्या पाइपसमोर फिल्टर लावला तर दाणे बघता बघता संपतील.

स्टोअरची_किल्ली

लिहावं की नको असं वाटत होतं, पण लिहितेच. मी स्पेअर सांभाळते. आमच्याकडे चांदीचा मुलामा असलेले कॉन्टॅक्ट न वापरताच काळे निघाले होते. स्टोअर प्लांटपासून दूर. शोध घेतला तर ते रबर बँडने बांधून साध्या खोक्यात ठेवलेले. जिथे रबर टेकलं होतं तिथे नेमके काळे पट्टे. व्हल्कनाइझ केलेल्या रबरात गंधक असतं हे तेव्हा समजलं. आता रबर बँड, खोक्याचा साधा पुठ्ठा, लोकरी कापड काहीच चांदीजवळ येऊ देत नाही. बंद पिशवी आणि आत काळं पडू न देणारा कागद.

पॅनेल_दुरुस्ती

स्टोअरताई, पॅनेलच्या दाराचं गॅस्केटही काळं रबरच आहे. तेही बदलायच्या यादीत टाकलं. काळ्या पडलेल्या कॉन्टॅक्टना पॉलिश पेपर मारावा का?

विद्युतवाट

नको. मुलामा काही मायक्रॉनचा असतो, कागदाने आधी चांदीच जाईल. पातळ थर मऊ असतो, बंद-चालू करताना घासून निघतो किंवा स्वच्छ सुती कापडाने पुसला जातो. खोल गेला असेल तर तो भाग बदला.

रसायनी

आणि दागिन्यांचं 'बुडवून काढा' द्रावण तर अजिबात नको. त्यात बहुधा आम्ल आणि थायोयुरिया असतं. थायोयुरियात गंधक आहे, नीट धुतलं गेलं नाही तर तेच पुढच्या काळेपणाचं बीज. अॅल्युमिनियम आणि गरम सोड्याच्या पाण्याची युक्ती सुट्या वस्तूला चांगली, कारण सल्फाइडमधली चांदी परत मिळते. पण तिच्यात हायड्रोजन सल्फाइड सुटतो, म्हणून पॅनेलजवळ करू नका.

छोट्या सिग्नलच्या रिलेसाठी सोन्याचा मुलामा घ्या, पण चांदीवर थेट दिलेला पातळ मुलामा नको. सिल्व्हर सल्फाइड छिद्रांतून वर येऊन सोन्यावर पसरतं. मधे निकेल हवं.

पॅनेल_दुरुस्ती

*(तीन महिन्यांनी)*

पाइप सील केले, माथ्याचा पंखा काढून बंद हीट एक्सचेंजर बसवला, गॅस्केट बदललं, फिल्टर युनिट मागच्या महिन्यात लागलं. ताजं कूपन: पॅनेलच्या आत चांदी जी१, काठावर. खोलीतली अजून जी२ च्या खालच्या टोकाला आहे, कारण मागचं दार लोक उघडं ठेवतात. त्याला दार-बंद यंत्र लावतोय.

जुनी कार्डं मात्र अजून आत आहेत. त्यांच्यात जी चांदी गेली ती गेलीच. दर महिन्याला प्रत्येक चॅनलला ठरावीक करंट देऊन रीडिंग लिहून ठेवतोय, म्हणजे सरकायला लागलेला चॅनल उडण्याआधी सापडेल. सात नंबरचा थोडा सरकलाय. त्याचं कार्ड येत्या शटडाऊनला बदलतो आणि जुनं भिंगातून यांच्या सांगण्याप्रमाणे कापून बघतो. फोटो इथेच टाकीन.